पाठमोऱ्या विटा

या गवंड्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. जग त्याला टिचकीमामा म्हणायचं. कुणाच्या दारात गेला की आधी भिंतीला टिचकी मारायची, कान लावायचा, मग घरधन्याकडे बघायचं. "मालक काय, काहीही सांगतो," तो म्हणायचा. "भिंतीला विचारावं."

एका सकाळी निवृत्त नर्सबाईंनी त्याला बोलावलं. त्यांचं घर आजोबांनी बांधलेलं, बाहेरून गिलावा नाही, लाल विटा तशाच उघड्या. हल्ली त्या विटांचे पोपडे सुटत होते. रोज झाडताना पायरीवर सुपलीभर लाल भुकटी निघायची. बाईंच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, त्यावर उपाय काढला होता : सगळी दर्शनी भिंत चकचकीत टाइल्सनी झाकून टाकायची. नमुन्याची टाइल बगलेत मारूनच ते उभे होते. कामगार सोमवारी येणार होते.

"भिंत टाइलचं वजन पेलेल का, एवढंच सांगा," भाऊजी म्हणाले.

मामाने टिचकी मारली. खण्ण यायला हवं होतं, भद्द आलं. तो सरकत सरकत खाली आला. विटांमधल्या दरजा करड्या सिमेंटने भरलेल्या. आणि पायरीलगतच्या दरजेत, थापीच्या टोकाने उमटवलेलं एक चिमुकलं पान.

काम संपलं की असं पान काढायचं, ही मामाची सही. चाळीस वर्षांपूर्वी, ओठावर नुकती मिसरूड फुटलेली असताना, जुना चुना खरवडून या दरजा त्यानेच भरल्या होत्या. काम शिकवणारा चुलता चुना भर म्हणत होता. पण सिमेंट झटपट वाळायचं, दगडासारखं व्हायचं. त्याने चुलत्याचं म्हणणं हसण्यावारी नेलं होतं.

"मामा, कशाने झालं हे?" बाईंनी विचारलं.

"सिमेंटने, सिस्टर. विटेत पाणी मुरतं. पूर्वी ते चुन्याच्या दरजेतून निघून जायचं. सिमेंटने वाट बुजवली, म्हणून आता विटेचं तोंड फोडून निघतंय."

"आणि भरलं कुठल्या गाढवाने?" भाऊजी म्हणाले.

मामाचा पाय आपसूक त्या पानाच्या आड गेला होता. चाळीस वर्षांचं नाव त्या चपलेआड होतं. टाइल्सना हो म्हटलं की पान कायमचं झाकलं जाणार होतं. भिंत मात्र आतल्या आत कुजणार होती. त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं आणि पाय काढला.

"ते गाढव तुमच्यापुढेच उभं आहे."

बाई वाकल्या, पान पाहिलं. "म्हणजे ओल्या जखमेवर घट्ट पट्टी बांधलीत तुम्ही."

"बांधली, सिस्टर."

"म्हणून तर टाइल्स म्हणतोय मी," भाऊजी म्हणाले.

"पट्टीवर आणखी पट्टी? भाऊजी, तुमच्या हाती वॉर्ड दिला नाही हे बरं झालं."

मामाने छिन्नीने एक खराब वीट हलकेच सोडवली आणि उलटी करून बाईंच्या हातात दिली. तिची आतली बाजू ताजी, लालबुंद. इतकी वर्षं रुसल्यासारखी पाठ करून बसली होती. "नवी वीट नकोच. जी फुटली तिला फिरवू, जी धड आहे तिला हात लावायचा नाही. दरजा चुन्याने भरू. मजुरी नको."

बाईंनी टाइल भाऊजींच्या बगलेत पुन्हा नीट सरकवून दिली.

काम चार महिने चाललं. "मामा, चमच्याने विहीर उपसताय," भाऊजी येता-जाता म्हणायचे. मामा म्हणायचा, "तुम्ही दोर धरा."

काम संपलं, पण पान काही उमटलं नाही. बाईंनी विचारलं, तर मामा म्हणाला, "एक पावसाळा जाऊ द्या."

पावसाळा गेला. बाईंनी निरोप धाडला आणि मामा आल्यावर सुपली त्याच्यापुढे धरली. तिच्यात दोन वाळकी पानं होती, लाल कणही नव्हता.

"आता काढा पान," बाई म्हणाल्या. "पण चुना तर कधीच वाळलाय."

मामा पायरीशी बसला. तिथली बोटभर दरज रिकामीच होती. इतके महिने कुणाच्या ध्यानातही आली नव्हती. त्याने पिशवीतून डबी काढली, भिजवलेला चुना त्या फटीत दाबला आणि थापीचं टोक टेकवण्याआधी शेजारच्या विटेला एक टिचकी मारली.

खण्ण.