लीडरच्या चपला

लीडर दिसायच्या आधी ऐकू यायचा. त्याच्या चपलांना ट्रकच्या टायरचे तळ होते, आणि सदर भागातल्या आमच्या कचेरीच्या जिन्यात ते असे फटफटायचे की पेंगणारे कारकून ताठ बसत. तोही कारकूनच, पण युनियनचा पुढारी. त्यामुळे साहेबसुद्धा त्याला लीडरच म्हणत.

रामटेकहून नोकरीला आलो तेव्हा माझ्याकडे डबा नव्हता. पहिल्याच दुपारी त्याने आपली भाकर मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली. "लाजून काहून राहिला गा? खा!" पुढे मी डबा आणू लागलो, तरी ती अर्धी भाकर चुकली नाही.

ऐंशी सालानंतर कचेरीत कॉम्प्युटर येणार असं कळलं. चाळीस जणांचं महिन्याचं काम म्हणे तो एका दिवसात उरकणार. लीडर पेटला. "मशीनले भूक लागत नाही, तिले आपली काय समजन?" मला मात्र त्या मशीनचं वेड लागलं होतं, आणि मुंबईच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली ती नेमकी माझी. लीडरने मला कोपऱ्यात घेतलं. "तू गेला तं चाळीस घरच्या चुली विझतीन. जाऊ नोको गा." कचेरीच्या दारातल्या गेटसभेत सगळ्यांदेखत मी ते निवडीचं पत्र फाडलं. त्याने मला मिठी मारली. त्या दिवशी मी स्वतःला केवढा मोठा समजत होतो!

मग लीडर दीड महिना आजारपणाच्या रजेवर गेला. त्याला बरं वाटावं म्हणून मी रामटेकच्या गडावर जाऊन नारळ फोडून आलो.

मशीनसाठी थंडगार खोली झाली. धूळ चालत नाही, म्हणून चपला देवळासारख्या बाहेर काढायच्या. उद्घाटनाच्या सकाळी आम्ही घोषणा देत वर गेलो, तर दाराशी टायरच्या तळाच्या चपला, अगदी नीट जोडीने. काचेपलीकडे मोजे घातलेला लीडर मशीनपुढे बसला होता. प्रशिक्षणाच्या यादीत माझ्या खालचं नाव त्याचंच होतं, आणि माझ्या जागी जायचा त्याचा अर्ज गेटसभेच्या आदल्या दिवशीच गेला होता.

"मशीन तं येऊनच राहिली होती गा," बाहेर आल्यावर तो खाली बघत म्हणाला. "माह्ये पाचच वर्षं राहिले नोकरीचे. तुह्यापुढं सारं आयुष्य आहे."

"मंग मले पत्र फाडाले काहून लावलं?"

तो चपलांत पाय सरकवू लागला.

दुसऱ्या दुपारी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली अर्धी भाकर होती. मी हात लावला नाही. पाच वर्षं ती रोज आली, रोज तशीच परत गेली. त्याने मला फसवलं, आणि तो राग आजही गेलेला नाही.

तो निवृत्त झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल रिकामं होतं. डबा उघडून मी बराच वेळ जिन्याकडे कान लावून बसलो.