खोलीची किल्ली आणि पासवर्ड

अकरावीत असताना मी माझा पासवर्ड अशा दोस्ताला दिला, ज्याचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. त्यानं चोरला म्हणावं तर तसंही नाही. मीच दिला, आणि चूक नको म्हणून दोनदा पाठवला.

कळमनुरीकडच्या गावातून हिंगोलीत शिकायला आलो होतो. भाड्याची खोली, एक खिडकी, खिडकीत समोरच्या घराची भिंत. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलास का?" "व्हय." संपलं. एकदा दुकानात बिस्किटं मागताना घसा खरखरला, तेव्हा कळलं की दिवसातलं माझं हे पहिलंच बोलणं. कॉलेजला जाताना खोलीची किल्ली खाली घरमालकीण काकूंकडं ठेवायचो. ती घेताना त्या रोज "चहा घेतोस का?" विचारायच्या. मी लाजून पळ काढायचो.

मोबाइलच्या गेममध्ये तो भेटला. पुण्याचा आहे म्हणाला. रोज विचारायचा, "भावा, आज काय केलं?" मी त्याला वरणात मीठ जास्त पडलं इथपासून सगळं सांगायचो. महिन्याभरानं म्हणाला, "तू कॉलेजात असताना तुझा गेम मी पुढं नेतो, पासवर्ड दे." आमच्या गावात शेताला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवून जातात. मी पासवर्ड तसाच त्याच्याकडं ठेवला. आणि माझ्या सगळ्या अकाउंटांना पासवर्ड एकच, हुशारी म्हणून.

चौथ्या दिवशी माझं फोटोंचं अकाउंट मलाच उघडेना. त्यातून, माझ्या हसऱ्या फोटोसकट, वर्गातल्या एका मुलीला घाणेरडे मेसेज जात होते. तिनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "लाज न्हाई वाटत?" दोस्ताला हात जोडले. तो म्हणाला, "कुणाला सांगितलंस तर तुझ्या आईलाबी पाठवीन."

दोन दिवस खोलीत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी काकू दारात. "काहून रे, किल्ली द्यायला आला न्हाईस? बिमार हायेस का?"

मी रडत सगळं सांगितलं. काकूंनी चप्पल घातली. "चल तुझ्या सरांकडं."

सरांनी मेसेजचे फोटो जपून ठेवायला लावले, अकाउंटची तक्रार केली, पोलिसांसाठी अर्ज लिहिला. आईला फोन मलाच करायला लावला. त्या मुलीला बोलावून सांगितलं, हे यानं लिहिलेलं नाही. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाक मात्र बदलला.

परतताना मी बाजू मांडली, "काकू, तुमच्याकडं किल्ली ठेवतो, तसंच ठेवलं हो मी."

काकू रस्त्यातच थांबल्या. "मी चहा घे म्हणलं तर पळून जातोस, आन् ज्याचं तोंड पाहिलं न्हाई त्याला घर उघडून देतोस. येडंच हायेस तू."