मामीच्या भिंतीवरची बुरशी

माझ्या मामाला बाथरूमच्या भिंतीने मारलं नाही.

हे लिहावं लागतंय, कारण आज त्याला जाऊन वर्ष झालं आणि वर्षश्राद्धाच्या पंगतीत एका बाईंनी मामीला पुन्हा तेच विचारलं.

"बाथरूमची ओल काढलीस का गं? तिथूनच लागली ना त्यांना ती काळी बुरशी?"

मामी भात वाढत राहिली.

वर्षभरात तिने ती भिंत तीनदा रंगवून घेतली. दर रविवारी ब्लीचने घासते. बोटं सोलली आहेत तिची. लोणच्याच्या बरण्या फेकल्या, चालू फ्रिज विकून टाकला.

बाई, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात. नीट वाचा.

मी माजिवड्याच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. बुरशी ओळखणं हे माझं रोजचं काम आहे.

या बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं सूक्ष्म बी, सगळीकडे असतात. मातीत, शिळ्या पावावर, तुमच्या हॉलमधल्या हवेतसुद्धा. आपण सगळे ते रोज नाकाने आत घेतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना संपवतात, आपल्याला कळतही नाही.

रक्तातली साखर खूप दिवस वाढलेली असेल, तर या पेशी नीट काम करत नाहीत. बीजाणू रुजतो. नाकातून सायनस, तिथून डोळा, डोळ्याच्या मागून मेंदू. किंवा श्वासाबरोबर थेट फुप्फुस. बुरशी रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडतं, पुढचं मांस मरतं.

काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. बुरशी नव्हे.

आता मामा.

कळव्याच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. रेघ केसभर हलली तर अख्खी शीट नव्याने काढायचा. साखरेच्या बाबतीत मात्र पक्का लबाड.

दर तीन महिन्यांनी सोमवारी सकाळी मी डोंबिवलीला जाऊन त्याचं रक्त घ्यायचे. शनिवारपासून त्याचा कारल्याचा रस सुरू. गोळ्याही तेवढे दोनच दिवस वेळेवर. रक्त दिलं की नाश्त्याला जिलेबी.

फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, ११८ आली, जवळपास नॉर्मल, की त्याचा फोन.

"काय मॅडम, फसलं ना तुमचं मशीन?"

मी हसायचे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट असते, एचबीएवनसी. तिला दोन दिवसांचं कारलं फसवू शकत नाही. त्यासाठी फक्त एक जास्तीची नळी लागते, जांभळ्या टोपणाची. ती माझ्या बॅगेत असायची.

"राहू दे गं, एक नळी बास," तो म्हणायचा.

मी राहू द्यायचे.

गेल्या वर्षी त्याचा उजवा गाल दुखायला लागला, मग बधिर झाला. डॉक्टर म्हणाले, सायनस. त्यांनी शुगर विचारली, आणि मामाने खिशातून माझ्या लॅबचा रिपोर्ट काढून दिला.

११८.

त्या आकड्याच्या भरवशावर स्टेरॉइड सुरू झालं. स्टेरॉइडने साखर आणखी चढते. पाचव्या दिवशी त्याची उजवी पापणी उघडेना. हॉस्पिटलमध्ये नेला तेव्हा साखर ४६० होती. तिथे केलेली एचबीएवनसी, १२.४. साडेसहालाच मधुमेह म्हणतात.

नाकातला नमुना आमच्याच लॅबला आला. स्लाइड मी लावली. रुंद, फितीसारखे धागे, काटकोनात फुटलेले. हीच ती बुरशी. मी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि मग हॉस्पिटलला गेले.

तोवर डाव्या फुप्फुसात डाग दिसला होता. डोळा काढला. बुरशी मेंदूपर्यंत पोचली होती. नवव्या दिवशी तो गेला.

यात भिंत कुठे आहे, बाई?

जेवणं उरकल्यावर मी मामीला हे सगळं सांगितलं. माझ्या बॅगेतल्या नळीसकट. वर्षभर ते सांगितलं नव्हतं. ती भिंत घासत होती आणि मी गप्प होते. तुमच्यावर चिडायच्या आधी हेही लिहायला हवं होतं.

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही, मामी."

ब्लीचची बाटली मी माझ्या घरी घेऊन आलेय.

मामा, मशीन फसलं नव्हतं. त्याला विचारायला हवा होता तो तीन महिन्यांचा प्रश्न मी विचारलाच नाही. आता प्रत्येकासाठी विचारते. दोन नळ्या घेते, कोणी नको म्हटलं तरी.

येते मी.