बायडाबाईची घागर

बायडाबाई साळोखे आमच्याकडे चौदा वर्षे भांडी घासायला येत होती. त्यांतली पहिली सहा वर्षे तिने एकदाही डोक्यावर घागर घेतली नाही. भरलेली घागर कडेवर मारून ती जिना चढायची. माझी बायको मीनाक्षी एकदा म्हणाली, "डोक्यावर घे की, कंबर जाईल तुझी." बायडाबाई म्हणाली, "डोईवरची एकदा उतरवलीया वैनी. ती पुन्यांदा चढंल तवाच दुसरी."

ती कशी उतरवली ते मी डोळ्यांनी पाहिले होते.

आमची गल्ली मंगळवार पेठेतली. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की मंगळवारी किंवा शुक्रवारी गल्लीगल्लीतल्या बायका ते घागरींत भरतात आणि टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. पुढे पी-ढबाक वाजत असते, म्हणजे एक पिपाणी आणि एक ढोल. मागे कडुनिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या घागरी. त्यांतली पहिली मानाची. आमच्या गल्लीत तो मान साळोख्यांचा. बायडाबाईची सासू धोंडुबाई थकली तेव्हा तिने ती घागर थोरल्या सुनेला डावलून धाकटीला दिली. कारण साधे होते. बायडाबाई हात न लावता टेकडी चढायची आणि थेंब सांडायची नाही. थोरली सून चिमणाबाई, जिला सारी गल्ली आक्का म्हणे, तिने हे सात वर्षे मनात ठेवले.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या फाल्गुनात बायडाबाईचा नवरा बाळासो तापाने गेला. फौंड्रीत होता, धिप्पाड गडी, आठ दिवसांत संपला. धोंडुबाई त्याआधीच गेली होती. आषाढात बायडाबाईने नेहमीप्रमाणे नदीवर घागर भरली आणि डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. तिथे आक्का उभी होती. तिने सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी ती घागर ओढून काढली. पाणी बायडाबाईच्या अंगावर सांडले.

"रंडकीच्या डोईवर देवीचं पानी? गल्ली बुडवायचीया व्हय गं तुला?"

पी-ढबाक थांबले. कोणी काही बोलले नाही. मी गॅलरीत होतो, मीही बोललो नाही. बायडाबाईने पदर पिळला, वर माझ्याकडे एकदा पाहिले आणि घरी गेली. त्या वर्षापासून मानाची घागर आक्काच्या डोक्यावर आली.

चौऱ्याहत्तर साली आमच्या माडीवर मार्था नावाची डच बाई राहायला आली. वय पंचेचाळीसच्या पुढेमागे. हुपरीच्या कारागिरांकडे पैंजणाचे काम बघायला ती रोज बसने जायची. तिच्या एका बोटात दोन अंगठ्या होत्या, एक बारीक आणि एक सैल. बायडाबाईने एकदा त्या सैल अंगठीकडे बोट केले. मार्थाने पाकिटातून एका पुरुषाचा फोटो काढला आणि हात आकाशाकडे नेला. बायडाबाईने मान हलवली आणि पुन्हा राख घेतली. मला हे आधीच माहीत होते. परदेशी पाहुणी घरी ठेवल्याचा पोलिसांचा अर्ज मीच भरला होता आणि पतीच्या रकान्यात माझ्याच हाताने 'मयत' लिहिले होते. ते, आणि त्याला चार वर्षे झाल्याचे, मी बायडाबाईला तेव्हाच सांगितले.

आषाढ लागला तशी आक्का आमच्या अंगणात आली.

"भाऊ, तुमची मडम लावून द्या आमच्या पाण्याला. पेपरवाला येनार हाय फोटू काढाय. म्होरली घागर तिच्या डोईवर देतो, कसं? जुन्या बुधवार पेठेतल्या बायांची तोंडं बघा मग कशी व्हत्यात ती!"

मी म्हणालो, "आक्का, पण ती बाई..." तेवढ्यात मोरीत मोठे पातेले दणकन आपटले. आक्का दचकली. "हळू की गं बायडे! भांडी फोडायला ठेवलीया व्हय तुला?" असे म्हणून हसत निघून गेली. मडमेचे लग्न झाले आहे का, नवरा कुठे आहे, हे तिच्या मनातच आले नाही. गल्लीतल्या प्रत्येक बाईचे कपाळ बघणाऱ्या आक्काला गोऱ्या बाईला कपाळ असते हे सुचले नाही.

बायडाबाई राखेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"भाऊ, पाच वर्सांमागं गप बसला हुता. आता बी बसा."

मी बसलो.

शुक्रवारी मार्थाने मीनाक्षीची हिरवी साडी नेसली. नदीवर आक्काने स्वतः तिच्या कपाळभर मळवट भरला, स्वतः तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर घागर. मी दुभाषा म्हणून बाजूने चालत होतो. सुरुवातीला मार्थाची मान ताठली होती, डोळे फक्त पुढच्या ढोलावर. पाणी गढूळ होते आणि त्याला शेताचा वास येतो असे ती म्हणाली. राजारामपुरीच्या अलीकडे दारादारांतून बायका तांबे घेऊन आल्या, तिच्या अनवाणी पायांवर पाणी ओतू लागल्या, वाकून पायांना हात लावू लागल्या. ती घाबरली. "माझ्या पाया का पडतात? मी काय केले?" मी सांगितले, "तुमच्या नाही, डोक्यावर आहे त्याच्या." मग तिचे पाय आपोआप ढोलाच्या ठेक्यात पडू लागले आणि टेकडीच्या चढावर तर ती रडत होती. पुढे मला म्हणाली, नवरा गेल्यापासून इतक्या माणसांनी आपल्याला एकाच दिवशी हात लावला नव्हता.

सर्वांत मागे, रिकाम्या हातांनी, बायडाबाई चालत होती. पाच वर्षांत प्रथमच.

पायरीवर पाणी ओतले. पेपरवाल्याने फोटो काढला, त्यात आक्का मडमेचा खांदा धरून उभी. तेव्हा बायडाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"आक्का, झालं न्हवं वतून?"

"झालं की. का?"

"न्हाय, खात्री केली. ह्या मडमबाईचा मालक चार वर्सांमागं मेलाय. भाऊस्नी इचारा. सरकारी कागदावर ल्हिवलंय त्येंनी."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "खरे आहे."

आक्काचा चेहरा उतरला. "तिच्या मुलखाची रीत येगळी," ती कशीबशी म्हणाली. "परक्याला काय लागतंय?"

"म्हंजे परक्या मुलखातली रंडकी चालती आन घरातली न्हाय व्हय? मग सांगा की सगळ्यांस्नी, गल्ली बुडली का न्हाय? बुडली आसंल तर तुमी बुडवली, सोताच्या हातानं मळवट भरून. आन बुडली नसंल, तर त्या दिशी माझ्या डोईची घागर कशापायी वडली?"

आक्काला यातले एकही उत्तर परवडणारे नव्हते. पायरीवरच्या गुरवाच्या म्हातारीने ओल्या दगडावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाली, "देवीनं घेतलं पानी. मागारी द्यायची रीत न्हाय बायांनो." आक्का खाली बसली. बायडाबाई तिच्याकडे पोटभर बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते त्याला दया म्हणता येणार नाही, आणि मलाही आक्काची दया आली नाही. हे खरे असल्यामुळे लिहितो.

परतताना काय झाले ते मार्थाने विचारले आणि मला सगळे सांगावे लागले. तिने मळवट रुमालाने पुसून काढला. "मला आधी विचारायला हवे होते," ती म्हणाली. मी तसे बायडाबाईला सांगितले.

"इचारलं आसतं तर तिनं डोईवर घेतलं नसतं की," बायडाबाई म्हणाली. "वंगाळ वाटलं आसंल तिला. वाटू दे. माफी न्हाय मागनार मी." मार्था जाईपर्यंत दोघी एकमेकींशी खुणेनेही बोलल्या नाहीत.

पुढच्या आषाढात गल्लीतल्या बायका बायडाबाईच्या दारात गेल्या. कोणाची घागर पहिली हा वाद नको, तूच घे, म्हणाल्या. तिने एकच अट घातली. घागर नदीवर नाही, गल्लीच्या तोंडाशी चढवायची. आणि ज्या हातांनी ओढली त्याच हातांनी.

दोन दिवस आक्काने दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सगळी गल्ली जमली तेव्हा ती आली. या वेळी मी गॅलरीत थांबलो नाही, खाली उतरलो. आक्काच्या हातांत घागर डुचमळत होती. बायडाबाई मान ताठ करून उभी होती, चुंबळ डोक्यावर, नजर समोर. घागर टेकली तशी तिने ती दोन्ही हातांनी धरली.

"दमानं, आक्का," ती म्हणाली. "मागल्या टायमाला लई सांडलं हुतं."

मग तिने हात सोडले आणि पी-ढबाकवाल्यांना मान न हलवता सांगितले, "वाजवा."