हवेची जाळी

जळगावात जिनिंग फॅक्टरीच्या फाटकासमोर फटफटीचा एक मिस्त्री बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शेतकी खात्याच्या कामासाठी मला गावोगाव फिरावं लागे आणि माझी लहान फटफटी त्याच्याच हातून दुरुस्त होई. पाना उचलण्याआधी तो पेट्रोलची तोटी स्वतः बंद करी. बोलताना खोकला आला, की वाक्य तिथेच थांबवी आणि खोकून झालं, की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे जाई.

एकदा कापसाच्या हंगामात मी गाडीची हवेची जाळी काढूनच टाकली. इंजिनात जाणारी हवा गाळताना ती सारखी कापसाच्या तंतूंनी तुंबायची, आणि तिच्याशिवाय गाडी कशी हलकी पळायची! मिस्त्री रागावला नाही. त्यानं जाळीच्या जागी पातळ मलमल बांधली आणि म्हणाला, "असोद्याले जाऊन या, भाऊ."

त्या जवळच्या गावाहून परत आलो तेव्हा पांढरी मलमल मातकट झाली होती.

"हे बठ्ठं," मलमलीवरची सगळी धूळ दाखवत तो म्हणाला, खोकला, थांबला, "इच्या छातीत जात व्हतं."

मग त्यानं माझ्याकडून जाळी मागून घेतली, पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली आणि तेलाचं बोट फिरवून जागेवर बसवली. समोरच्या फॅक्टरीतून उडणारा कापूस तेवढ्या वेळात त्याच्या भुवयांवर, मिशीवर येऊन बसला.

मला राहवलं नाही. "मिस्त्री, तुम्हीही तोंडाला फडकं बांधत जा. छाती दाखवून घ्या एकदा."

तो हसला.

"फटफटी खोलता येते, भाऊ. मले कोन खोलीन?"