बिनपुठ्ठ्याचे टोपले

वाचनालयातली खालची फळी रिकामी दिसली तेव्हा सुंदराबाईंनी आधी चष्मा पुसला. मग वाकून पुन्हा पाहिलं. फळी रिकामीच होती.

"गुणाजी, टोपले कुठं गेले?"

गुणाजी परब दिवसा गिरणीत टाइमकीपर आणि संध्याकाळी या वाचनालयाचे चिटणीस. त्यांनी मान वर केली नाही. "काढले, सिस्टर."

"काढले म्हणजे? दात आहेत का ते काढायला?"

"कमिटीचा ठराव झालाय. करमणुकीची पुस्तकं बंद. मुंबईसाठीच्या चळवळीचे दिवस आहेत. लोक छातीवर गोळ्या झेलतायत आणि आपल्या कपाटात खुनाच्या गमतीजमती, हे काय बरं दिसतं? तुम्हीही आता रिटायर झालात. काहीतरी भारदस्त वाचा की."

सुंदराबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. ती उडायला लागली की वॉर्डातल्या शिकाऊ नर्स पूर्वी कोपरा गाठायच्या. गुणाजींना ते ठाऊक नव्हतं.

सुंदराबाईंचं सगळं आयुष्य परळच्या एका इस्पितळात नर्स म्हणून गेलं. नवरा फार लवकर वारला. एकुलता एक वीरेंद्र, त्याला त्यांनी शेजारणीच्या ओट्यावर टाकून, जादा पाळ्या करून वाढवला, कॉलेजात घातला. वाचनाचं वेड मात्र कधी सुटलं नाही. रात्रपाळीत पेशंट झोपले की टेबलावरच्या दिव्याखाली पुस्तक उघडायचं आणि कोणी कण्हलं की पालथं घालून उठायचं. कुठलंही पुस्तक त्यांनी सलग असं वाचलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर पाय पसरून सलग वाचायचं, एवढीच चैन त्यांनी मनात ठेवली होती.

निवृत्त होण्याआधीचा जानेवारी मात्र त्यांना बघावा लागला. गोळीबाराच्या त्या आठवड्यात पोरं आणली जात होती ती स्ट्रेचरवर, हातगाडीवर, कोणी कोणाच्या पाठीवर. पोरांसाठी त्या जे करू शकत होत्या ते त्यांनी केलं. पण बाहेर व्हरांड्यात त्यांच्या आया उभ्या होत्या. दार उघडलं की सगळ्याजणी एकदम तोंडाकडे बघायच्या. ते बघणं सुंदराबाई घरी घेऊन आल्या. वीरेंद्र त्याच वयाचा, आणि तोही रोज संध्याकाळी फलक खांद्यावर टाकून कुठंतरी जायचा. कुठं, ते सांगायचा नाही. "आई, तू काळजी नको करू," एवढं म्हणून चपला पायात.

त्याची वाट बघताना वाचायचं काय? निवृत्तीच्या समारंभात मेट्रनबाईंनी पोथी दिली. शेजारच्या कमलाबाईंनी संतांची चरित्रं आणून दिली. वाचनालयातल्या कादंबऱ्या घेतल्या तर तिसऱ्या प्रकरणात नायिकेला खोकला सुरू व्हायचा आणि सुंदराबाईंना पुढचं सगळं कळायचं. रहस्यकथा घेतल्या तर पानोपानी रक्ताची थारोळी. "एवढं रक्त एका माणसात नसतं," असं म्हणून त्यांनी तीही परत केली. असं करत करत एक दिवस खालच्या फळीवर टोपले सापडले.

टोपले म्हणजे एका पुस्तकमालेतला हौशी गुप्तहेर, रिटायर्ड पोस्टमास्तर. पोट सुटलेलं, बायकोला घाबरणारा, बटाटेवड्यासाठी जीव टाकणारा. महिन्याला एक पुस्तक निघायचं आणि दर पुस्तकात एक खून. मरायचा तो कोणीतरी चेंगट सावकार नाहीतर खाष्ट काका. त्याच्यासाठी कोणी रडायचं नाही. टोपले भलत्याच माणसाला पकडायचे, माफी मागायचे, वडे खायचे आणि शेवटी बरोबर माणूस धरायचे. वाचनालयाने तीन-तीन पुस्तकं एकत्र बांधून जाड पुठ्ठे घातले होते. सुंदराबाई संध्याकाळी दिवा लावून टोपले उघडायच्या आणि वीरेंद्रची चाहूल लागेपर्यंत तग धरायच्या. त्यावाचून काय व्हायचं, तेही त्यांनी अनुभवलं होतं. एकदा पुस्तक संपलं होतं, तर त्या लालबागच्या नाक्यापर्यंत वेड्यासारख्या चालत गेल्या होत्या.

"ठराव मांडला कोणी?" त्यांनी विचारलं.

गुणाजींनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "आता ते कशाला..."

"कोणी मांडला?"

"तुमच्याच वीरेंद्रने. फार छान बोलला हो पोरगा. टाळ्या पडल्या."

सुंदराबाई पुस्तकं शोधत मागच्या खोलीत शिरल्या. तिथे वीरेंद्र जमिनीवर एकटाच बसला होता. हातात सुरी. एका बाजूला पुठ्ठे. त्यांवर पांढरा कागद चिकटवून लाल अक्षरात 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. दुसऱ्या बाजूला सोललेली पुस्तकं, दोऱ्या लोंबत असलेली, सुतळीने बांधून रद्दीला काढलेली.

"आई? तू इथे?"

"टोपल्यांचं कातडं काढलंस?"

"अगं, पुठ्ठा मिळत नाही कुठं. वाऱ्यात नुसत्या कागदाचे फलक टिकत नाहीत. आणि तसलं फालतू वाचून..."

"फालतू?" आवाज असा चढला की बाहेर गुणाजींची खुर्ची करकरली. "इस्पितळात मी काय बघितलं ते तू बघितलंस? तुम्ही घोषणा देऊन मोकळे. मुंबई पाहिजे, मलाही पाहिजे, मीही तिच्यासाठी हरताळाला चूल बंद ठेवलीय. पण त्या पोरांच्या आयांना दार उघडून सांगायला कोण गेलं? मी गेले. टोपल्यांच्या पुस्तकात मेलेल्याला आई नसते रे! सगळ्या वाचनालयात तेवढी एकच फळी होती, जिथं मेलेल्याला आई नसते. तुला नेमकी तीच सापडली सोलायला?"

वीरेंद्रने सुरी खाली ठेवली.

सुंदराबाईंनी एक गठ्ठा काखोटीला मारला. दारात गुणाजी आडवे आले. "सिस्टर, असं नेता येत नाही. नियमात बसत नाही."

"पुठ्ठे सोलायचं कुठल्या नियमात बसलं? बाजूला व्हा गुणाजी, नाहीतर तुमच्या गळवाला चीर द्यायच्या वेळी तुम्ही काय काय ओरडला होतात ते इथेच सांगते सगळ्यांना."

गुणाजी बाजूला झाले. वीरेंद्र दुसरा गठ्ठा घेऊन मागोमाग निघाला. "दे तोही, आई. जड आहे."

"हात लावू नकोस."

चाळीचे जिने त्या तशाच, धापा टाकत चढल्या. खोलीत येऊन गठ्ठा सोडला तर पानं कुठलीकुठं. एका खुनाचा पंचनामा आणि दुसऱ्या खुनातलं बाराव्याचं जेवण एकात एक. ते बघून त्यांचा संताप आणखीनच वाढला. वीरेंद्र दाराशी घुटमळला. खाली कोणीतरी शीळ घातली.

"मला निघायला हवं. सगळे थांबलेत."

"जा. मी अडवलंय? पण कुठून कुठं जाणार ते सांगून जा. आजवर सांगितलं नाहीस, आज सांगायचं."

वीरेंद्र म्हणाला, "इथून लालबाग. तिथून काळाचौकी. मग शिवडीच्या नाक्यावर सभा."

"आणि यायचं कुठून?"

"यायचं?"

"हो, यायचं. पोलीस आले, लाठी चालली, गोळी सुटली, तर कुठल्या गल्लीत शिरायचं? कोणाच्या घरात थांबायचं? कुठल्या रस्त्याने परत यायचं?"

खालून पुन्हा शीळ आली. वीरेंद्रने गॅलरीतून हात करून त्यांना थांबायला सांगितलं. कपाळावर आठ्या घालून तो विचार करायला लागला. जायचा रस्ता सगळ्यांना पाठ होता. यायचा कोणी ठरवलाच नव्हता.

"मग बस इथे आणि ठरव," सुंदराबाई म्हणाल्या आणि पानांचा ढीग त्यांनी मांडीवर ओढला. "ठरल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आणि त्या शीळ घालणाऱ्यांनाही वर बोलव. त्यांच्याही आया आहेत."