कुपाटीचा काटा

मंठ्यात आमच्या शेजारच्या मावशींचं परस म्हणजे किल्लाच. लेंडीखत मिसळून वाफे करायचे आणि भोवती बोराटीच्या काट्यांची दाट कुपाटी घालायची, हा त्यांचा दर हंगामाचा नेम. कुणाची कोंबडी नुसती डोकावली तरी तिच्या मालकिणीचा उद्धार होतो.

परवा आमची शेळी दावं तोडून त्या कुपाटीतून आत घुसली आणि वांग्याची कोवळी रोपं फस्त करून बसली. शिव्या खायच्या तयारीनंच मी धावलो. मावशी शेळीचा पाय मांडीवर घेऊन सुईनं काहीतरी टोकरत होत्या.

"मावशी, रोपं गेली हो तुमची."

"रोपं मंग लावू. उभा काय राह्यलास? धर हिला जल्दी. माझ्याच कुपाटीचा काटा मोडलाय हिच्या पायात."